पाहणाऱ्याची साक्ष

नुसते पाहणे हे सत्कर्म होऊ शकते काय, हा प्रश्न वरवर पाहता चमत्कारिक वाटेल. भुकेल्यास अन्न द्यावे, आजाऱ्याची विचारपूस करावी, बंदिवानास भेटावे, ही सत्कृत्ये होत हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून शिकत आलो आहोत. त्या यादीत 'पाखरे पाहणे' कोठेच बसत नाही. उलट गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे पाणवठ्यावर जाऊन बसणाऱ्या माणसाकडे आपण थोड्याशा कौतुकाने आणि बऱ्याचशा थट्टेने पाहतो. 'दुसरा काही उद्योग नाही वाटतं!' हा शेरा त्याला बहुधा घरातूनच ऐकावा लागतो. शेजारच्या मळ्यात शेतकरी कडाक्याच्या थंडीत पिकाला पाणी देत असतो आणि त्याच बांधावर बसून कुणी दोन तास बदके न्याहाळीत असतो. हे दृश्य त्या शेतकऱ्याला विचित्र वाटते तसे आपल्यांतल्या पुष्कळांनाही वाटते. या विचित्रपणाचा जरा नीट विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्या आपणांस या विचारासाठी फार लांब जावे लागत नाही. या जिल्ह्याची रचनाच मोठी विलक्षण आहे. पश्चिमेला सह्याद्री उभा आहे. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेच ढग डोंगर ओलांडून पूर्वेकडे सरकतात तेव्हा जवळजवळ रिते झालेले असतात. सिन्नर, येवला, नांदगाव या बाजूला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तर वर्ष बरे गेले म्हणायचे. सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर धुक्याने वेढलेले कडे आणि खुरट्या गवताचा कोरडा माळ, दोन्ही सापडतात. हा माळ म्हणजे राजस्थानातील वाळवंट नव्हे. पण एप्रिल-मे महिन्यांत येवला तालुक्यातील ममदापूर-राजापूरकडे गेलेल्या माणसाला त्या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागतो. या दोन टोकांच्या मध्ये, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दगडी बंधारा बांधला गेला. तो बांधला शेतीच्या पाण्यासाठी. पण नद्यांनी आणलेला गाळ त्यामागे साठत गेला, उथळ पाण्यात बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांनी ती जागा आपली मानली. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली.

हिवाळ्यात डोंगर, पाणी आणि माळ ही तिन्ही ठिकाणे जोडून दोन-तीन दिवसांची निवांत सहल सहज करता येते. अशा सहलींना आम्ही गेलो आहोत. नांदूर मध्यमेश्वरला काठावरच्या गावांतील तरुण वाटाड्याचे काम करतात. त्यांची रीत पाहण्यासारखी असते. ते घाई करीत नाहीत. बांधावरून खाली उतरू नका, मोठ्याने बोलू नका, हात लांब करून दाखवू नका, एवढेच सांगतात आणि उभे राहतात. शहरातून आलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात फारसे काही दिसत नाही. लांबवर काही काळे-पांढरे ठिपके, एवढेच. मग हळूहळू पडदा सरकावा तसे होते. मघापासून वाळका खुंट वाटत होता तो राखी बगळा निघतो. पाणगवत हलते आणि त्यातून जांभळी पाणकोंबडी पाय उचलीत बाहेर येते. ठिपक्यांतून चक्रवाक वेगळे होतात, थापट्या बदके वेगळी होतात. लव्हाळ्यावरून भोवत्या हा शिकारी पक्षी खालून खालून उडत जातो आणि एकाएकी हजारभर पाखरे पाण्यावरून उठतात. पाखरे मघाशीही तेवढीच होती. कमी होती ती आपली नजर.

हे सांगण्याचे कारण असे की, पाहणे ही आपण समजतो तेवढी आयती गोष्ट नाही. डोळे उघडे असले की दिसते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण बहुतेक वेळा जे हवे असते तेवढेच पाहतो. दुकानदार गिऱ्हाईक पाहतो, पुढारी मते पाहतो, आणि आपण घाईत असलो की समोरच्या माणसात फक्त अडथळा पाहतो. ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळवायचे नाही, अशा वस्तूकडे दोन तास लक्ष देणे हा आपल्या दिनक्रमातला अपवादच म्हणायचा. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू ख्रिस्ताने चिंतेने ग्रासलेल्या लोकांना आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगितले, हे आपण शेकडो वेळा ऐकले आहे. तेथे मत्तयने योजलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ ओझरती दृष्टी टाकणे असा नसून निरखून पाहणे असा आहे. लूकने त्याच प्रसंगी कावळ्यांचे नाव घेतले आहे. जुन्या कराराच्या लेवीय या पुस्तकात कावळा अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे. म्हणजे सुंदर, शुद्ध, उपयोगी असेच पाहावे, असे तेथे म्हटलेले नाही. जे आहे ते निरखावे, असे म्हटले आहे. आपण या वचनातला चिंतेविषयीचा उपदेश लक्षात ठेवला आणि पाहण्याची आज्ञा मात्र विसरलो.

परंतु पाहण्याची ओढ आणि मिळवण्याची ओढ या दोन्ही माणसात शेजारी शेजारी नांदतात. भारतीय पक्षिशास्त्राचा इतिहास तेच सांगतो. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे भारतीय पक्षिशास्त्राचेही जनक मानले जातात. १८८५ साली, म्हणजे काँग्रेस स्थापन झाली त्याच वर्षी, त्यांनी आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात पक्ष्यांचे नमुने, घरटी आणि अंडी मिळून ऐंशी हजारांहून अधिक वस्तू होत्या. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीने पाडायचा, हीच रीत होती. डॉ. सलीम अली यांच्या आयुष्याला वळण मिळाले तेही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. ती कोणती, हे विचारावयास ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथून एक जन्मभराचा अभ्यास सुरू झाला. त्या पिढ्यांनी जमवलेल्या नमुन्यांवर आजचे ज्ञान उभे आहे; त्यांना दोष देणे सोपे असले तरी न्यायाचे होणार नाही. पुढे दुर्बीण आली, चांगली पुस्तके आली, आणि न मारता ओळखणे शक्य झाले. हा निव्वळ साधनांचा बदल नव्हता. वस्तू हाती न घेताही तिचे होता येते, हा एक नवा संस्कार त्याबरोबर आला.

तो संस्कार आता पुन्हा कसोटीला लागला आहे. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आणि पाडण्याची हाव टिपण्याच्या हावेत शिरली. छायाचित्र नीट यावे म्हणून घरट्याभोवतालच्या फांद्या बाजूला केल्या जातात. मग उघड्या पडलेल्या पिलांना ऊन लागते आणि कावळ्यांना वाट दिसते. पक्षी बाहेर यावा म्हणून ध्वनिमुद्रित शीळ पुन्हापुन्हा वाजवली जाते. नराला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा आला, आणि तो चारा सोडून नसलेल्या शत्रूशी झुंजत राहतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. वाटेत घरटे आढळले तर पिलांबरोबर आईलाही धरू नये, तिला जाऊ द्यावे. त्या नियमात पाखरे घेण्यास सरसकट मनाई नाही. पण घेणाऱ्याच्या हाताला एक मर्यादा घातलेली आहे. सगळेच आपले नाही, काही सोडून दिले पाहिजे, हे त्या काळच्या भुकेल्या वाटसरूलाही सांगितले होते. पोट भरलेल्या प्रवाशाला ते अधिकच लागू व्हावे. चांगला वाटाड्या कोणता, याची आमची खूण हीच आहे: जो योग्य वेळी 'आता मागे फिरू या' म्हणतो, तो.

पाहणाऱ्याची दुसरी जबाबदारी त्याहून अवघड आहे. जो पाहतो तो सांगतो. 'अमुक ठिकाणी अमुक पक्षी पाहिला', हे विधान म्हणजे एक साक्ष असते. ती तपासायला दुसरा कोणी त्या क्षणी तेथे नसतो. पाखरू उडून गेलेले असते. उरतो तो केवळ सांगणाऱ्याचा शब्द. खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आठवी आज्ञा आपण न्यायालयाशी आणि शेजाऱ्याशी जोडतो. ती पाखरांनाही लागू पडते, हे आमच्या ध्यानी आणून दिले ते आपल्याच नाशिक विभागातील एका घटनेने.

रानपिंगळा हे सातपुड्याच्या आणि मध्य भारताच्या रानांतले एक लहान घुबड. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८४ पर्यंत त्याचे मोजके नमुने गोळा झाले; त्यांतले काही खानदेशातील शहाद्याच्या परिसरातले होते. मग तो पक्षी दिसेनासा झाला. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या प्रतिष्ठित ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञाच्या संग्रहात मात्र त्याचा आणखी एक नमुना होता. तो आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवला, असे त्यावर लिहिले होते. मोठ्या माणसाच्या शब्दावर कोण संशय घेणार? पुढे त्या नोंदीवर विसंबूनही शोध झाले आणि हात हलवीत परतले. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी त्या संग्रहाची बारकाईने तपासणी केली, तेव्हा उलगडले की, ते घुबड एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याच कुणी मिळवलेले होते. ते संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून-शिवून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. रासमुसेन यांनी मांडवीचे नाव यादीतून खोडले आणि जुन्या, प्रामाणिक नोंदींच्या मागाने त्या निघाल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. खोट्या साक्षीने लोकांना चुकीच्या रानात पाठवले होते. खऱ्या साक्षीने एका हरवलेल्या जिवाच्या दारात आणून उभे केले.

याच्या उलट बाजूची एक गोष्ट माळरानावरची आहे. पखुर्डी नावाचा मातकट रंगाचा पक्षी आपल्या कोरड्या माळांवर आढळतो; काही जण त्याला भट तित्तिर म्हणतात. हा आणि त्याचे वाळवंटातले भाऊबंद रखरखीत जमिनीवर, पाण्यापासून लांब अंडी घालतात. पिलांना उडता येत नाही आणि पाणी तर हवे. तेव्हा बाप पाणवठ्यावर जातो, पोटावरची पिसे पाण्यात भिजवतो आणि ती ओली पिसे घेऊन मैलोगणती उडत परत येतो. पिले त्याच्या पोटाखाली शिरतात आणि पिसांतले पाणी चोचीने ओढून पितात. एडमंड मीड-वॉल्डो या इंग्रज पक्षिपालकाने आपण पाळलेल्या पक्ष्यांत हे पाहिले आणि १८९६ साली लिहून ठेवले. पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. बंदिस्त पाखरांची ही काहीतरी लहर असावी, असे मानले गेले. १९६७ साली टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन या दोघा शास्त्रज्ञांनी आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातील अभ्यासातून ते निर्विवाद सिद्ध केले. सत्तर वर्षे एक खरी साक्ष पडून राहिली होती.

या दोन हकिकती शेजारी ठेवल्या की मन अस्वस्थ होते. खोटे बोलणाऱ्यावर जगाने विश्वास ठेवला, कारण तो मोठा होता; खरे सांगणाऱ्यावर ठेवला नाही, कारण ते नवलाचे होते. साक्षीचा खरेपणा साक्षीदाराच्या मानमरातबावर ठरत नाही आणि ऐकणाऱ्याच्या सोयीवर तर मुळीच ठरत नाही. आज पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी संगणकावर एकत्र होतात आणि कोणाच्या यादीत किती जाती, याची चढाओढही लागते. अशा वेळी लांबून उडून गेलेल्या पाखराबद्दल वाटाड्या शांतपणे म्हणतो, 'नक्की सांगता येत नाही.' पैसे देऊन आलेल्या मंडळींचा हिरमोड होतो. एक नाव वाढले असते. पण या चार शब्दांत केवढी सचोटी आहे! आपल्या घरांत, सभांत, धर्मग्रामाच्या कुजबुजीत दुसऱ्या माणसाविषयी बोलताना हे चार शब्द आपल्या तोंडून निघाले असते, तर किती कुटुंबे वाचली असती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

साक्ष केवळ खरी असून भागत नाही. ती वेळेवरही लागते. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गिधाड पाहण्यासाठी हौसेने फारसे कोणी येत नाही. रोहित पक्ष्यांचा थवा उतरला की वर्तमानपत्रात चित्र येते. गिधाडाचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो. म्हणूनच १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली तेव्हा बहुतेकांना पत्ताच लागला नाही. ज्यांना लागला ते वर्षानुवर्षे त्याच जागी जाऊन तीच गिधाडे मोजणारे लोक होते. भरतपूरच्या रानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी घरटी ओस पडताना पाहिली, मान टाकून बसलेली पाखरे पाहिली आणि हाक दिली. २००४ साली कारण प्रसिद्ध झाले. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. भारतात २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातले नव्याण्णवाहून अधिक गेले होते. यात कोणी दुष्ट नव्हता. आपल्या बैलाचे दुखणे हलके व्हावे म्हणून शेतकऱ्याने औषध दिले होते. जनावराची कणव हेच त्याचे कारण होते. चांगल्या हेतूने केलेल्या कृतीचा घाव दूर कोठे बसतो, हे कोणीतरी पाहत असल्याखेरीज कळत नाही.

गिधाडाला नाशिकच्या मातीत निराळाच मान आहे, हे आपण विसरू नये. इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे जटायूने देह ठेवला, अशी आपल्या हिंदू बांधवांची श्रद्धा आहे. रामकथेत जटायू लढला आणि हरला. परंतु प्राण जाण्यापूर्वी त्याने एक काम पुरे केले: सीतेला कोणी आणि कोणत्या दिशेने नेले, हे त्याने रामाला सांगितले. पराभूत झालेला, पंख छाटलेला साक्षीदार! त्याच्या साक्षीवाचून पुढचा मार्ग सापडला नसता. त्याच जिल्ह्यात, हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वनखाते आणि आदिवासी गावकरी मिळून गिधाडांसाठी मेलेली जनावरे मोकळ्या जागी ठेवण्याचा उपक्रम चालवीत आले आहेत. गाव गरीब आहे. त्या गावाला गिधाडांकडून पैशाच्या रूपाने काही परत मिळायचे नाही. तरीही आपले मेलेले जनावर तेथपर्यंत पोहोचवणारा माणूस आमच्या मते दुर्बीण बाळगणाऱ्या कोणाहून कमी प्रतीचा निरीक्षक नाही.

येथे आपल्या पहिल्या प्रश्नाकडे, त्या बांधावरच्या शेतकऱ्याकडे, परत यावे लागते. कारण खरी अडचण तेथेच आहे. आपण ज्या पाखराचा आनंद लुटतो त्याची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी भरतो. ममदापूरच्या राखीव क्षेत्रात काळविटांचे कळप पाहून आपण हरखतो. तेच कळप येवल्याच्या कोरडवाहू शेतात शिरून उगवते पीक खातात. सोलापूरकडच्या नान्नजचे उदाहरण तर सर्वांनी अभ्यासावे असे आहे. माळढोक या दुर्मीळ पक्ष्यासाठी १९७९ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. त्या रेषेच्या आत गावे, रस्ते, बाजारपेठा आणि हजारो लोकांची शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडले, आणि जो माळढोक आजवर शेजारी होता तो लोकांना वैरी वाटू लागला. पुढे २०१२ च्या सुमारास ते क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. तोवर उशीर झाला होता. नान्नजला आता माळढोक दिसला तर ती बातमी होते. पाखराकडे पाहताना माणसाकडे पाहायचे राहून गेले की पाखरूही राहत नाही.

देशात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेहूनही कमी आहे, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानच्या वाळवंटात, जैसलमेरच्या बाजूला आहेत. तेथे त्यांचा काळ ठरल्या आहेत त्या विजेच्या उंच तारा. या जड पक्ष्याला समोरचे फार अरुंद क्षेत्र दिसते. उडताना तार जवळ येईपर्यंत कळत नाही आणि मग वळायला अवधी उरत नाही. त्यांतल्या पुष्कळ तारा ऊन आणि वारा यांपासून केलेली वीज वाहून नेतात. म्हणजे हवा स्वच्छ राहावी म्हणून आपणच मागितलेली वीज. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखालून नेण्याविषयी आदेश दिला आणि २०२४ साली तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. पाप आणि पुण्य यांत निवड करणे त्या मानाने सोपे असते. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा विवेकाची खरी परीक्षा होते, आणि तिचे उत्तर घोषणांत सापडत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितले होते. नान्नजच्या माळावर त्याचा अर्थ फार सरळ होतो. माळढोक वाचवा म्हणणाऱ्याने त्याच दमात विचारले पाहिजे की, त्याच्यासाठी ज्याची जमीन अडली त्याचे काय झाले?

मग त्या शेतकऱ्याला आपण काय उत्तर द्यायचे? आमच्या मते, निवांतपणाबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही. विसावा हा देवानेच घालून दिलेला नियम आहे, आणि दोन दिवस काही न मिळवता केवळ लक्ष देणाऱ्या माणसाचे मन थोडे मोकळे आणि थोडे नम्र होऊन परतते, हा आमचा अनुभव आहे. पण विसाव्याची नैतिकता त्यानंतर काय घडते यावर ठरते. निफाडच्या द्राक्षबागांतून जाताना, घडांवर टाकलेली जाळी पाहून नाक मुरडण्याआधी त्या बागेवरचे कर्ज काय असेल, हे मनात यावे. वाटाड्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. त्याच्या उदरनिर्वाहात पाखरांचे रक्षण आहे. बांधावरच्या माणसाला राम राम घालावा आणि पाखरांबद्दल त्यालाच विचारावे. आपण दोन तासांत जे पाहिले ते तो जन्मभर पाहत आला आहे; फक्त त्याची साक्ष आजवर कोणी नोंदवलेली नाही.

नुसते पाहणे हे सत्कर्म नव्हे, हे खरेच. परंतु न पाहता केलेली सत्कर्मे किती आंधळी असतात, हेही आपण पाहिले. भुकेल्याला अन्न देण्याआधी तो भुकेला आहे हे कोणाला तरी दिसावे लागते. चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात याजक आणि लेवी या दोघांनाही तो जखमी मनुष्य दिसला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोघेही पाहून पलीकडून निघून गेले. शोमरोनीनेही तेच पाहिले, पण त्याच्या पाहण्याने त्याला बांधून घेतले. पाखरे निरखण्याची सवय आपल्याला त्या बांधिलकीची लहानशी शाळा ठरू शकते. काही न हिसकावता पाहणे, पाहिले तेवढेच सांगणे, आणि जे दिसले त्याची किंमत कोण भरतो आहे हे विचारणे: एवढे तिथे शिकता आले तर पुष्कळ झाले.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांसाठी. आज तिशीच्या आत असलेल्या आपल्या मुला-नातवंडांनी गावाबाहेर, मेलेल्या जनावराभोवती जमलेली पन्नास-पन्नास गिधाडे कधी पाहिलेली नाहीत. जे कधी पाहिलेच नाही त्याची उणीव कोणाला भासत नाही. आणि ज्याची उणीव भासत नाही ते परत आणण्यासाठी कोणी धडपडत नाही. ज्यांनी पाहिले ते अजून आपल्यात आहेत, पण दरवर्षी थोडे कमी होत आहेत. त्यांनी एखाद्या रविवारी जेवणानंतर मुलांना जवळ बसवून सांगावे: आपल्या गावात गिधाडे कोणत्या झाडावर बसत, किती असत, आणि कोणत्या वर्षापासून ती दिसेनाशी झाली. आठवत नसेल तर तसे सांगावे, पण आठवते तेवढे तरी सांगून ठेवावे.